जिन-कोकम

होस्टेलवर शनिवारी जिन-कोकम बनवायचा मान माझा असायचा. आज चार वर्षांनी तिथल्या दोघी मैत्रिणी घरी आल्या, पण बाळ अंगावर पीत असल्यामुळे चाखून बघायची सोय नव्हती. कोकमाचं आगळ, जिन, सोडा, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली मिरची, सगळं अंदाजानंच घातलं. माझ्या ग्लासात जिन तेवढी नाही.

ग्लास भरले आणि आत बाळ रडलं. "तुम्ही सुरू करा गं," म्हणत मी पळाले.

बाळाला पाजताना बाहेरचं खिदळणं ऐकू येत होतं. माझ्यावाचून यांचं छान चाललंय, असं वाटून डोळे भरले.

अर्ध्या तासानं त्याला कडेवर घेऊन बाहेर आले, तर तिन्ही ग्लास काठोकाठ भरलेले, बर्फाचं पाणी झालेलं.

"अगं, प्यायलात का नाही?"

"बनवणारीच्या आधी जी ग्लास तोंडाला लावेल, तिला आठवडाभर खोली झाडायला लावायचीस तू," मृण्मयी म्हणाली. "विसरलीस?"

"पण आता पाणचट लागेल गं ते."

"लागू दे. बाळाला दे इकडे आणि उचल आधी. घसा सुकलाय आमचा."