नावाला देह हवा

आईनं कागदाची पुडी लेकीच्या कीबोर्डवरच ठेवली.

“हे घे तुझं भूत.”

कित्येक वर्षं लेक एका बुरशीच्या मागावर होती. मातीत तिचा डीएनए सापडत होता, पण ती बुरशी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. तिला क्रमांक होता, नाव नव्हतं. नुसत्या डीएनएवर नाव देता येत नाही. संग्रहात ठेवायला प्रत्यक्ष नमुना लागतो. हा नियम बदलावा म्हणून लेक भांडत होती. नियमाच्या बाजूनं सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारी बाई निवृत्त होऊनही रोज संस्थेत यायची आणि संध्याकाळी लेकीच्याच सोबत घरी जायची: तिची आई.

“आई, कीबोर्डवर माती सांडतेय.”

“सांडू दे. ओढ्याच्या वळणावर मिळाली. तू बाटल्या भरभरून माती आणलीस ना, अगदी तिथेच.”

पुडीत अळंबीची नखाएवढी तपकिरी छत्री होती.

“अशा ढिगानं असतात.”

“अशी एकही नसते. लाव पैज.”

“उद्या डीएनएच्या मशीनला लावते. म्हणजे तुझं तोंड बंद.”

“माझं? तुझ्या मशीनच्या बापाला जमायचं नाही ते,” आई हसत म्हणाली आणि छत्री वाळवायच्या पेटीत ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेतच गेली.

महिन्याभरानं निकाल पडद्यावर आला, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सहकारी लेकीच्या मागे येऊन उभा राहिला.

“तुझ्या क्रमांकाशी जुळत नाही गं,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे बाईंचं चुकलं. पहिल्यांदाच.”

“खाली बघ.”

त्यानं पाहिलं. जगभरातून गोळा झालेल्या साठ्यातल्या एकाही बुरशीशी डीएनएचा तो क्रम जुळत नव्हता. जवळपास जाणारंही काही नव्हतं.

“वाळताना वर दुसरी बुरशी चढली असेल. तिचाच डीएनए आला असेल.”

“आतला तुकडा घेतला होता. दोनदा केलं. नवीन आहे ही. आणि हिला देह आहे.”

“आणि तुझी?”

“माझी राहील अजून क्रमांकावरच.”

“चहा आणतो” म्हणून तो निघून गेला.

नाव द्यायचं तर वर्णन लिहायला हवं, आणि वर्णन लिहायचं तर बघायला हवं. लेक आईच्या टेबलाशी जाऊन बसली. छत्रीचा केसाएवढा काप काचेवर घेतला, थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली. सूक्ष्मदर्शकाच्या दोन नळ्यांमधलं अंतर आईनं स्वतःच्या डोळ्यांना जुळवून ठेवलेलं होतं. ते हलवावं लागलं नाही.

आधी नुसतं धूसर दिसलं. तिनं चकती सावकाश फिरवली. मग एकेक बीजाणू उमटत गेला, काटेरी, एका टोकाला किंचित चपटा. ती बराच वेळ बघत राहिली.

“तुला एका नजरेत जे दिसायचं ते मला कधीच दिसलं नाही, आई,” ती मोठ्यानं म्हणाली. “म्हणून मी मशीनकडे गेले.”