पूल वाहून गेला ते बरं झालं

चर्चच्या दारातल्या पवित्र पाण्याच्या वाडग्यात दोन बेडूक.

घेवड्याला शेंगा. तीन वर्षांनी पहिल्यांदा.

नदीवरचा लाकडी पूल गेला. मागे एक खांब उरला, त्याला कुणाची तरी चड्डी अडकलेली.

दामियानाच्या देव्हाऱ्यात, संत जोसेफच्या जागी, धुळीत एक स्वच्छ गोल.

शाळेच्या कपाटात, गुंडाळलेल्या नकाशाच्या पोटात, एक पत्र.

पावसाचा एकेचाळिसावा दिवस.

"काय मास्तरीणबाई, तुमचा संत अजून फरारच?" दुकानदार आनीझियोने मीठ तोलता तोलता विचारलं.

"चोर सापडला तर मला कळवा," दामियाना म्हणाली.

दुकानातली माणसं हसली. चोर कोण हे गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं, पण ते बोलायचं नसतं. दुष्काळ पडला की शेजारणीच्या देव्हाऱ्यातला संत जोसेफ चोरायचा. त्याला घरची आठवण येते आणि तो पाऊस पाडतो. मग नवा झगा शिवून, फटाके उडवत, वाजतगाजत त्याला परत न्यायचा. जानेवारीत शेजारच्या झुल्मिराने तो शालीखाली लपवून नेला, तेव्हा दामियाना मुद्दाम पाठ करून कॉफी गाळत राहिली होती.

पण परतपाठवणी अडली होती.

"संताला माझा जेनिवाल खांद्यावर घेईल," झुल्मिराने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. "पाऊस झाला की दक्षिणेला कामाला गेलेली पोरं घरी येतात. तो आल्याशिवाय मिरवणूक नाही."

जेनिवाल येणार नव्हता. दामियानाला ते ठाऊक होतं, आणि सांगणंही तिच्याच वाट्याला आलं होतं.

पूल जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, झुल्मिरा बंद पाकीट घेऊन दारात उभी राहिली. "बाई, वाचून दाखवता?"

दामियाना लग्न होऊन या गावात आली त्याला आठ वर्षं झाली होती. अर्ध्या गावाची पत्रं तीच वाचायची. झुल्मिराची आधीची पत्रं आनीझियो वाचत असेल, असं तिने धरून घेतलं आणि पाकीट फोडलं. अक्षर जेनिवालचं नव्हतं. साओ पाउलोहून त्याच्या कामावरच्या जोडीदाराने लिहिलं होतं. बाराव्या मजल्यावरची परांची तुटली. आम्ही त्याला इथंच पुरलं.

दामियानाने वर पाहिलं. झुल्मिरा शाळेतल्या पोरीसारखी मांडीवर हात ठेवून बसली होती.

"आई," दामियानाने वाचलं, "मी खुशाल आहे. तिकडे पाऊस झाल्याचं कळलं. रस्ता चांगला असला की निघतो."

"पत्र तुमच्याकडेच राहू दे," झुल्मिरा उठताना म्हणाली. "माझं घर गळतं."

दुसऱ्या दिवशी पूल वाहून गेला.

पावसाने काय काय बरं केलं, ते गाव रोज मोजत होतं. तळं काठोकाठ भरलं. शेळ्यांना दूध आलं. मक्याने डोकं वर काढलं. दामियाना एकच गोष्ट मोजायची. पूल नव्हता म्हणून ट्रक येत नव्हता. ट्रक नाही, तर त्यावरून उतरणारी पोरं नाहीत, आणि न उतरणारा जेनिवालही नाही. रोज सकाळी ती छपराचा आवाज ऐकायची. पडतोय. अजून एक दिवस.

पुढचे पाच शनिवार झुल्मिरा आली. "वाचा ना बाई, पुन्हा एकदा." दामियाना वाचायची. खरं उद्या सांगू, स्वतःशी म्हणायची. वाळत न घातलेल्या कपड्यांसारखा तो शब्द घरात कुबट वास मारत पडून राहिला.

सेहेचाळिसाव्या दिवशी उघडलं.

शनिवारपर्यंत नवे खांब रोवून त्यांवर फळ्या पडल्या. दुपारी पलीकडून ट्रकचा भोंगा वाजला आणि सगळं गाव नदीकडे पळालं. दामियाना पळाली नाही. ती झुल्मिराकडे जायला निघाली, तर झुल्मिराच समोरून येत होती. एकटीच. शालीखाली काहीतरी धरलेलं.

"झुल्मिराबाई! अहो, मिरवणूक? फटाके?"

"फटाके दमट झाले." झुल्मिराने आत येऊन संत जोसेफला त्या गोलात नीट बसवलं, त्याचा निळा झगा सारखा केला. "घ्या तुमचा फरारी. पाऊस पाडून पाडून दमलाय बिचारा."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, जेनिवाल..."

"माझ्या हातांना काय झालंय?"

दामियानाने कॉफीचं आधण ठेवलं नाही. ती समोर बसली. "मला तुम्हाला काही सांगायचंय. केव्हाच सांगायला हवं होतं. त्या पत्रात..."

"आधी वाचा."

"नाही, तुम्ही ऐका तर..."

"मास्तरीणबाई." झुल्मिराने तिचं मनगट धरलं. त्या हाताला एवढी ताकद असेल असं दामियानाला कधी वाटलं नव्हतं. "आज शनिवार आहे. वाचा."

शाळा तिच्याच पुढच्या खोलीत भरायची; दामियानाने तिथल्या कपाटातला नकाशा उलगडला, पत्र काढलं. नदीकडून आरोळ्या येऊ लागल्या. कुणीतरी एकेक नाव पुकारत होतं, आणि प्रत्येक नावामागून एकेका आईची किंकाळी. दामियानाने आवाज चढवला.

"आई, मी खुशाल आहे. या खेपेला येणं जमत नाही, काम लांबलंय. पुढच्या पावसात नक्की येतो. शेळी विकू नकोस. इथं थंडी असते, पण मी दोन सदरे घालतो. जेवणाची आबाळ नाही. तुझ्या हातचा घेवडा मात्र..." तिला पुढे सुचेना. "घेवडा मात्र इथं कुणाला जमत नाही."

झुल्मिरा डोळे मिटून ऐकत होती.

"आज बरंच लिहिलंय त्याने," ती म्हणाली.

पत्र गावात आलं होतं पूल जायच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी. झुल्मिराने ते त्याच दुपारी चुलीपाशी बसून फोडलं, दोनदा वाचलं आणि कसाव्याच्या पिठाच्या खळीने पाकीट पुन्हा चिकटवलं.