बारीक आवाज

“ते शेवटचं कापून टाक,” माणिकराव परत म्हणाले. “नुसतं कुरकुर वाजतंय.”

आम्रपालीनं हेडफोन कानावरून सरकवला. घाटनांदूरच्या बाजारात स्टुडिओ टाकल्यापासून तिला मिळालेलं हे पहिलं मोठं काम. ‘माणिकराव आणि पार्टी’ची भीमगीतं. माणिकरावांची पेटी आणि त्यांच्या बायकोचा, केशरबाईंचा आवाज असल्याशिवाय आसपासच्या गावात जयंतीचा मंडप भरत नसे. गाणी माणिकरावांनीच रचलेली, हे तर पोराटोरांनाही ठाऊक. प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्यांचं नाव गुंफलेलं असायचं.

आल्या आल्या त्यांनी तिच्या मिक्सरला नावं ठेवली होती. “यवढासा? ह्याच्यावर गाणी करायचीत का चटणी वाटायची?” त्यांना टेबलभर बटणांचा, दिवे लुकलुकणारा हवा होता. आम्रपालीनं मात्र हा पारखून घेतला होता. बटणं थोडी, पण स्वतःची घरघर जवळजवळ नाही. गाणाऱ्याचा श्वाससुद्धा स्वच्छ यायचा.

गाणं झकास झालं होतं. “माणिक सांगे गाऊन” ही ओळ केशरबाईंनी पार छपराला नेली. मग आवाज खाली आणत, कसलंसं गुणगुणत त्या थांबल्या. माणिकरावांच्या सांगण्यावरून आम्रपालीनं तो शेवट हळूहळू विझवत नेला. पण पेनड्राइव्हसाठी फाइल लहान केली, की नेमकं तेवढंच तुटून कुरकुरायचं.

“कापायचं कशाला, मामा? वरून थोडी खरखर टाकते.”

माणिकराव उडालेच. “कुरकुर घालवायला खरखर? खुळी झालीस का?”

“डिदर म्हणतात त्याला. फाइल लहान करताना लई बारीक आवाजाला कॉम्प्युटर गिनत न्हाई, तोडून टाकतो. सोबतीला जराशी खरखर असली, की आवाज टिकतो.”

“कावून टिकवायचा? गुणगुणणं हाय ते नुसतं! काप म्हनलं ना!”

डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी त्यांच्या कपाळाला घाम फुटला होता.

कोपऱ्यात चहा घेत बसलेल्या केशरबाई तेव्हा कुठं बोलल्या. “टाक गं बाई. बघू तरी.”

आम्रपालीनं फाइल नव्यानं केली आणि स्पीकर मोठा केला. गाणं शेवटाला आलं. “माणिक सांगे गाऊन...” मागं एक मंद सरसर सुरू झाली, कान दिला तरच कळेल इतकी. कुरकुर गेली होती. आणि त्या सरसरीतून केशरबाईंचा आवाज अक्षर न् अक्षर ऐकू आला:

“...केशरनं दिलं लिहून.”

आम्रपालीनं वळून पाहिलं. केशरबाई बशीत चहा ओतत होत्या.

“मामी, हे ह्याच गाण्यात हाय का?”

“समद्याच. दर बारीला म्हनते की मी. पर ढोलकी कुणाला ऐकू देतीय?”

माणिकरावांनी पेटीवर हात ठेवला. आता उठतील, पेटी उचलतील आणि कामासकट चालते होतील, असं आम्रपालीला वाटलं. त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती निवांत फुंकर घालत होती. मग त्यांच्या मिशा हलल्या. ते हसत होते.

“मामा, काय करू?” तिनं भीतभीत विचारलं. “कापू?”

“न्हाई,” माणिकराव म्हणाले. “समद्या गाण्यांना टाक ती खरखर.”