निपाणीचा सूर्यास्त

सुट्टीत मालवणला जाताना आंबोलीत एक रात्र थांबायचं आणि कड्यावरून सूर्य बुडताना बघायचा, एवढंच त्रिशलाला हवं होतं. पण घर जैन, दिवस मावळल्यावर कुणी घास घेत नसे. तिनं सुचवलेलं प्रत्येक हॉटेल नवऱ्यानं मोडीत काढलं. "पाचला जेवण कोण देणार तिथं? आईनं उपाशी ऱ्हायचं व्हय?" आज चहानंतर त्यालाच युक्ती सुचली. घरचा कुकर त्यानं प्रवासाच्या पिशवीत कोंबला. "मिटलं बघ. सैपाकघर असलेली खोली घेऊ. तू लवकर करून वाढ, आम्ही जेवून सूर्य बघायला जातो." "आणि मी?" "भांडी आवरून ये की निवांत." त्रिशला गच्चीवर जाऊन बसली. खालून सासूबाईंची हाक आली, "अगं, दिवस चालला, ताटं कधी करतीस?" तिच्यासमोर तंबाखूच्या वखारीमागं सूर्य सावकाश बुडाला. कुकर पिशवीतच होता.