गाजरांचा वाफा

वाफा कसा लख्ख दिसत होता! सुनेने कंबर सरळ केली, हात झटकले आणि राखलेल्या जाड पानांच्या रोपांना झारीने पाणी घातलं. उपटलेल्या बारीक पात्यांचा ढीग कुंपणाशी पडला होता.

सासूबाईंना खूश करायचं होतं, दुसरं काय! हिवाळ्यात सासरे गेले, आणि जिच्या जिभेला अख्खी गल्ली वचकून असायची त्या बाईने तोंडाला कुलूप घातलं. हो नाही की नको नाही. डॉक्टर म्हणाले, मातीत रमू द्या त्यांना. थंडी सरली तशी त्यांनी परसात गाजरं पेरली. रोज सकाळी वाफ्याशी उकिडव्या बसायच्या. दोन घास जास्त जाऊ लागले, डोळ्याला डोळा लागू लागला. शब्द मात्र एक नाही. ही बाई पुन्हा बोलणार तरी आहे का, या धास्तीने घर पोखरून निघालं होतं.

मागचं दार उघडलं. सासूबाईंनी वाफ्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे. वाकून त्यांनी एक पातं उचललं. त्याच्या टोकाला दोऱ्याएवढं गाजर लोंबत होतं.

सुनेला एकदम उमगलं. अगं बाई, हे काय करून बसले मी! एवढा एक आधार होता, तोही मुळासकट गेला. तिने डोळे घट्ट मिटले.

"मेले, गाजरं उपटलीस आणि तण राखलंस?"

आवाज घोगरा, गंजलेल्या कडीसारखा. पण सासूबाईंचाच!

"वर पाणी पाजतेस त्याला? डोळे आहेत की बटणं? माहेरी काय दगड पेरत होतात?"

नवरा अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून धावत आला. बघतो तर काय, आई कडाडतेय आणि बायको ढसाढसा रडतेय.

"अगं आई, जाऊ दे ना, चुकून—"

"तुम्ही मध्ये पडू नका हो!" सून त्याच्यावरच खेकसली.

सासूबाई दम घ्यायला थांबल्या. परसात पुन्हा तीच शांतता. या पुन्हा गप्प झाल्या तर? सुनेला राहवलं नाही. ती घाईघाईने खाली बसली. समोर काय उगवलंय हे आता तिलाही पक्कं कळलं होतं. तिने त्या माजलेल्या तणाचं एक पान अलगद धरलं आणि नाक ओढत विचारलं,

"आणि आई, हा मुळा तरी राहू देऊ ना?"