दोघेही पुढे

"जोडी म्हणजे एक बाई, एक पुरुष," नाचाच्या मास्तरांनी बजावलं आणि नेहमीप्रमाणे दोघांची फारकत केली. सुताराला निवृत्त नर्सबाईंकडे धाडलं, दातांच्या डॉक्टरला बँकेतल्या काकूंकडे.

सुतार आणि डॉक्टर एकाच घरात राहायचे, एकाच पांघरुणावरून भांडायचे. क्लास लावला तो एकमेकांबरोबर नाचता यावं म्हणून. उद्या बागेत बँड वाजणार होता आणि मास्तर पसंत करतील त्याच जोड्या तिथे नाचणार होत्या. आज जमलं नाही तर संपलं. सुताराचा चेहरा असा काही पडला होता की नर्सबाईंना तो बघवेना.

संगीत सुरू झालं आणि नर्सबाई "आई गं" म्हणत मटकन खाली बसल्या. पाय मुरगळला होता. पाठोपाठ काकूंचाही मुरगळला. मग तर साथच आली. वर्गातल्या सगळ्या बायका भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून विव्हळू लागल्या. एकीने आधी डावा पाय धरला होता, मग आठवून उजवा धरला. त्यांचे नवरेही लगेच शेजारी टेकले; ते पहिल्या दिवसापासून हीच संधी शोधत होते.

सोंग मास्तरांना कळत होतं. पण रिकाम्या फरशीला काय शिकवणार? त्यांनी कपाळाला हात लावला आणि दोघांना म्हणाले, "या. एकदाच."

दोघं समोरासमोर उभे राहिले. सुताराला तर भरूनच आलं. ताल मिळाला आणि दोघांनीही झोकात डावा पाय पुढे टाकला. गुडघे आपटले, कपाळं आपटली. वर्गात पुरुषांना शिकवलं होतं ते एवढंच, की आपण पुढे जायचं आणि बाईला मागे न्यायचं. इथे मागे जाणारं कुणी नव्हतं. अरुंद दारातून कपाट न्यावं तसे दोघं एकमेकांना रेटत राहिले. भिंतीकडचं विव्हळणं थांबून खिदळणं सुरू झालं.

मास्तरांचा संयम सुटला. "डॉक्टर, तुम्ही मागे जा."

"पुरुषाने मागे जायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय," डॉक्टर कपाळ चोळत म्हणाला.

मास्तरांनी त्याच्या खांद्याला धरून त्याला पाऊलभर मागे ओढलं.

"सांगितलं असेल. उद्या बागेत असे नाचलात, तर लोक मला विचारतील, यांना शिकवलं कोणी?"