कंपनीचा रंग

काकांनी पांढऱ्या गाडीच्या डाव्या दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लावला.

"पुट्टी आहे. दार चेपलं होतं, भरून काढलंय."

"हो, गेटला घासलं होतं," गाड्यांचा दलाल घाईघाईने म्हणाला. "मी सांगणारच होतो."

"सांगणारच होता म्हणे," काका पुतणीच्या कानात पुटपुटले. "चोराच्या मनात चांदणं."

चाळीस वर्षं गाड्या रंगवून घरी बसलेल्या या माणसाचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. पुतणीने त्यांना आणलं होतं ते म्हणूनच. एकाच जपानी स्पोर्ट्स गाडीच्या दोन पिढ्या दलालाच्या शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या होत्या. पांढरी नव्या पिढीची, अंगाने भरलेली, शहाण्यासारखी. लाल जुन्या पिढीची, बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे टुणकन वर येणारी. शाळेत असताना पुतणीने कंपासपेटीच्या झाकणावर हिचंच चित्र चिकटवलं होतं. तिचा जीव लालमध्ये अडकलाय, हे एव्हाना दलालालाही कळलं होतं.

म्हणून काकांनी लाल गाडी जास्तच बारकाईने तपासली. ठोकली, चाचपली, उजेडात मान तिरकी करून न्याहाळली. पत्रा सगळीकडे सारखाच वाजला. रंगाचा ओघळ नाही, छटेत फरक नाही. इतकी जुनी गाडी आणि एक डाग नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं.

"रंग कंपनीचाच आहे, काका," दलाल म्हणाला.

"ते मी ठरवतो."

त्यांनी दाराच्या चौकटीचं रबर नखाने उचकटलं. स्वतः गाडी रंगवली की रंग वाळला का हे पाहायला कुणाला दिसणार नाही अशा जागी अंगठा टेकवायचा, ही त्यांची जन्माची खोड. रबराखाली लाल रंगात एक ठसा होता. ठशाच्या मधोमध आडवी रेघ होती. काकांनी आपला उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरला. तरुणपणी पत्र्याने कापल्याची तशीच रेघ तिथे होती.

मग सगळं आठवलं. तेव्हा हिचा पुढचा अर्धा भाग निळा होता. मागचा अर्धा दुसऱ्याच गाडीचा होता. ठोकलेल्या दोन गाड्या मधोमध कापून एक केलेली. "जोड दिसता कामा नये," गॅरेजचा मालक म्हणाला होता. तो दिसला नव्हता. आज खुद्द काकांनाही दिसला नव्हता. क्षणभर त्यांना अभिमान वाटला, आणि लगेच त्या अभिमानाची शिसारी आली. जोराचा धक्का बसला तर गाडी त्याच जागी दुभंगणार होती, आतल्या माणसासकट.

त्यांनी रबर दाबून परत बसवलं.

"पांढरी घे," ते म्हणाले.

"का? लालमध्ये काय सापडलं?"

"सांगतोय ना, पांढरी घे."

पुतणी त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांच्याविषयी संशय तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच दिसत होता. "कारण सांगणार नसाल तर मी लालच घेते," ती म्हणाली आणि तिने चावीसाठी हात पुढे केला.

काकांनी तो हात धरला. "दोन गाड्या जोडून केलीय ही. वरून रंग मारलाय."

दलाल उसळला. "उचलली जीभ, लावली टाळ्याला! नंतरचा रंग म्हणता ना? मग तो रंगारी आणा आणि उभा करा माझ्यासमोर!"

काकांनी पुन्हा रबर उचकटलं आणि उजवा अंगठा त्या ठशावर टेकवला. अंगठा बरोब्बर बसला.

"हा काय, उभा आहे."